कोअरमध्ये कोळशाखाली चुनखडीचा पट्टा: नाव काय द्यायचं?

कोअरबॉक्स:
मेघालयातल्या जैंतिया हिल्समधल्या उभ्या बोअरचं लॉगिंग चालू आहे, म्हणजे बाहेर काढलेल्या कोअरची (खडकाच्या दंडगोल नमुन्याची) थरवार नोंद. वालुकाश्मात कोळसा, त्याखाली 40 सेंमी कार्बनी शेल, मग 1.8 मीटर करडी, कठीण चुनखडी आणि खाली पुन्हा वालुकाश्म. अहवालात 'लाकाडोंग चुनखडी' लिहायचं की जवळच्या गावावरून नवं नाव द्यायचं? वर्णनात काय काय यायला हवं?

खडकवाचक:
नवं नाव नकोच. एका बोअरच्या जोरावर बारसं होत नाही. औपचारिक नावाला आदर्श छेद (तो थर नमुना म्हणून जिथे दाखवता येतो ती जागा), वरखालच्या सीमा, पट्टा कुठवर पसरलाय याचा पुरावा आणि हे सगळं प्रकाशित झालेलं लागतं.

शेला फॉर्मेशनमध्ये (इथल्या थरांचा औपचारिक गट) सगळ्यात खालच्या थेरियाच्या वर लाकाडोंग चुनखडी, मग लाकाडोंग वालुकाश्म (मुख्य कोळसा यातच), उमलाटडोह चुनखडी, नरपुह वालुकाश्म आणि सगळ्यात वर प्रांग चुनखडी. कोळशाखाली चुनखडी दिसली की लोक डोळे झाकून 'लाकाडोंग' लिहितात. तुमच्याकडे खालचा वालुकाश्म थेरियाचा आहे की लाकाडोंग वालुकाश्मच पुढे चालू आहे, यावर सगळं अवलंबून. दुसरं खरं असेल तर हा त्यातलाच भिंगाकार (कडांना निमुळता होत संपणारा) थर. निर्णय फोरॅमिनिफेरावर (कवच असलेल्या एकपेशीय सागरी जीवांच्या जीवाश्मांवर) घ्या: त्यातले मिसेलेनिया, रानीकोथालिया हे वंश मिळाले तर लाकाडोंग. तोवर 'कोळशाखालचा चुनखडी थर, अनौपचारिक' एवढंच, खोलीसह.

आम्लाची_बाटली:
पण ती चुनखडीच आहे का? 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. कॅल्साइट थंड आम्लातही जोरात फसफसतं, डोलोमाइट पूड केल्यावरच. सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) थंड आम्लात जवळजवळ गप्प, गरम आम्लात उठतं, शिवाय हातात जड लागतं (घनता 3.9च्या आसपास, कॅल्साइट 2.71) आणि उघड्यावर तपकिरी पडतं. चुन्याने सांधलेला वालुकाश्मही फसफसतो, म्हणून थेंब सुकल्यावर तिथे वाळूचे कण उरलेत का ते भिंगातून बघा.

वर्णनात वरची-खालची खोली, ओला आणि सुका रंग, डनहॅमप्रमाणे (चुनखडीच्या पोताचं प्रचलित वर्गीकरण) पोत, जीवाश्म, मातीचं प्रमाण, भेगा आणि दोन्ही सीमा. सीमा तीक्ष्ण की हळूहळू बदलणारी, हे हमखास राहून जातं. नती (थराचा उतार) 10° असेल तर खरी जाडी 1.77 मीटर, फरक किरकोळ, पण 'कोअरवरची जाडी' की 'खरी जाडी' ते लिहा. कोळशात कोअर हरवतो आणि पट्ट्याची खोली सरकते, म्हणून लॉगशी (बोअरमध्ये उपकरण सोडून घेतलेल्या मोजणीशी) जुळवा. गॅमा (नैसर्गिक किरणोत्सार) कोळसा आणि चुनखडी दोन्हीकडे कमी येतो. घनतेत मात्र कोळसा साधारण 1.3 ते 1.6, चुनखडी 2.7च्या जवळ.

वर्धा_खोरे:
चंद्रपूरकडून येणाऱ्यांसाठी: तिथली पैनगंगा चुनखडी गोंडवानाच्या (तिथल्या कोळशाच्या खडकगटाच्या) खाली, कितीतरी जुनी. बाराकारमध्ये (गोंडवानातल्या कोळसा असलेल्या फॉर्मेशनमध्ये) 'चुनखडीसारखा' कठीण पट्टा लागला तर आधी सिडेराइटचाच संशय घ्या.

पातळ थराला नाव मिळतच नाही असं मात्र नाही. अमेरिकेतल्या ओहायोची एम्स चुनखडी बहुतेक ठिकाणी मीटरभरसुद्धा नाही, पण सागरी जीवाश्मांमुळे ती शेजारच्या राज्यांतही ओळखता येते. ग्लेनशॉ आणि कॅसलमन फॉर्मेशनची सीमा तिच्याच माथ्यावर धरतात. जाडीपेक्षा सलगता मोठी.

कोअरबॉक्स:
थिन सेक्शनसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापासाठी) नमुना कुठून घेऊ?

खडकवाचक:
वर, मध्ये, खाली असे तीन तरी. कापण्याआधी प्रत्येकावर वरच्या दिशेचा बाण आणि खोली लिहा. मोठे फोरॅमिनिफेरा तिरके कापले गेले तर वंशही ठरत नाही, म्हणून एका नमुन्याचे दोन-तीन काप करून घ्या.