मदत हवी आहे: बेळगावच्या पावसात ग्रिनयार अभिक्रिया सुरूच होत नाही

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या सेंद्रिय प्रयोगात ट्रायफिनाइलमिथेनॉल करायचं आहे, पण जुलैच्या झडीत पहिलीच पायरी, म्हणजे ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि ब्रोमोबेंझीनपासून ग्रिनयार अभिकर्मक बनवणं, अडते.

मॅग्नेशियम टर्निंग्ज (धातूचा कीस) १.२ ग्रॅम, ब्रोमोबेंझीन ५.३ मिली, डायइथाइल ईथर २५ मिली आणि आयोडीनचा एक बारीक खडा घेतला आहे. काचसामान १२० अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवून, कंडेन्सरवर हवेतला ओलावा अडवायला कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावली आहे. तरी आयोडीनचा तपकिरी रंग तासभर हलत नाही, ईथर गढूळ होत नाही, उकळी तर दूरच.

संशय ईथरवरच आहे. बाटली दोन-चारदा उघडली की इथली दमट हवा आत शिरते. एवढ्याशा पाण्यानं उत्पादन फारसं घटत नाही, पण धातूचा पृष्ठभाग झाकला जाऊन सुरुवातच अडते.

ईथर वाळवायला सोडियमची तार काढायचा प्रेस नाही. ३ अँगस्ट्रॉमचे मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) मफल भट्टीत (उच्च तापमानाच्या बंद भट्टीत) ३०० अंशांवर तापवून ईथरमध्ये टाकले, तर किती दिवस ठेवावे? बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडे बाहेरच्या विद्यार्थ्यांना मफल वापरू देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत आहे का?

धातूचा पृष्ठभाग उघडा करायला टर्निंग्ज कोरड्या खलात रगडणं बरं, की १,२-डायब्रोमोइथेनचे दोन-तीन थेंब? थेंबांत इथिलीनचे बुडबुडे दिसतात, म्हणजे धातू उघडा पडल्याचं कळतं. म्हणून कल तिकडे आहे. पावसाळ्यातच हे जमवलेल्यांनी आपली नेमकी पद्धत कृपया लिहावी, प्रमाणासह.