कोल्हापुरीचा तळ उसवलाय: खिळे, सोल्यूशन की शिवण?

वाटसरू: कातडी तळाची कोल्हापुरी पावसात भिजली. टाचेपासून कानापर्यंत (पट्टा धरणारी बाजूची पाकळी) एका बाजूची शिवण उसवून तळाचे थर सुटे झालेत. अंगठा, पट्टा शाबूत. कोपऱ्यावरचे गटई कारागीर खाली रबर लावून चार खिळे मारू म्हणतात. मारून घेऊ का?

आरी-रापी: खिळे अजिबात नकोत. हे कातडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. त्यातल्या टॅनिनला ओल असताना लोखंड लागलं की काळे डाग पडतात, खिळा गंजतो, भोक सैल होतं.

आधी चप्पल सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळवा, वर पाट किंवा जड पुस्तकं ठेवून. नाहीतर सुटलेले थर वाकडे होतात आणि भोकं जुळत नाहीत. उन्हात ठेवू नका, कातडं आखडून तडकतं.

मग कातडी वादीनं (कातड्याच्या बारीक पट्टीनं) शिवण. वादी पाण्यात भिजवून ओढून घ्यायची, सुकताना ती घट्ट होते. आरी (कातडं टोचायचं हत्यार) जुन्याच भोकांतून घालायला सांगा. मध्येमध्ये नवी भोकं पाडली तर कड तिथूनच फाटते. एखादं भोक फाटलं असेल तर तेवढंच 4-5 मिमी आत घ्यावं. कान दोन थरांच्या मध्ये धरलेला असतो, तेव्हा शिवण कानाच्या पुढचे, न उसवलेले दोन-तीन पक्के टाके धरून सुरू करा. कान निसटला तर काम दुप्पट होतं.

टाचटोक: वरचं पटलं, पण रबराला सरसकट नाही म्हणू नका. डांबरी रस्त्यावर खालचे टाकेच आधी झिजतात. शिवण झाल्यावर 3 मिमीचं रबर शीट लावा. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरनं खरवडायचे आणि सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा. कातडं पहिला हात पिऊन टाकतं, म्हणून त्याला दुसरा. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण 10-15 मिनिटं, थांबायचं, मग जोडून मधून कडेकडे ठोकायचं. घाईनं ओलंच जोडलं की आठवड्यात कड सुटते. तेल प्यायलेल्या कातड्यावरही सोल्यूशन धरत नाही, त्यामुळे तेल नंतर आणि फक्त वरून.

वाटसरू: त्यांच्याकडे वादी नाही, नायलॉनचा दोरा आहे. चालेल?

आरी-रापी: नायलॉन तुटत नाही, पण भिजून मऊ पडलेलं कातडं कापतो. त्यापेक्षा जाड सुती दोरा, मेण चोळून. याला खिळ्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, पैसे त्या हिशेबानं द्या, घासाघीस नको. चप्पल शिवायला देण्याआधी कानाजवळची कड नखानं खरवडून बघा. भुगा पडत असेल तर टाका धरणार नाही, मग तळाचा खालचा थरच बदलावा लागेल.