जुन्या अमेरिकन गाड्यांनी दाखवलेलं उडायचं स्वप्न आपण सोडून का दिलं?

मिशिगनकर:
दर ऑगस्टात इथे डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, 1995 पासून चालू आहे, मैलोनमैल नुसत्या जुन्या गाड्या. यंदा 57 सालच्या शेव्हरोले बेल एअरच्या मालकांशी गप्पा मारत उभा होतो, त्यांनी मागच्या डाव्या फिनची (म्हणजे गाडीच्या शेपटाकडे विमानासारखी वर आलेली पात) क्रोमची पट्टी बोटाने हळूच ओढली तर ती दारासारखी उघडली आणि आत पेट्रोलचं झाकण! बॉनेटवर रॉकेटसारखी दोन टोकं, मागे फिन, गाडी उभी असली तरी आत्ता उडेल असं वाटतं.

हे सगळं नुसतं नटवणं होतं असं म्हणणारे खूप भेटतात, मला अजिबात पटत नाही. जीएम म्हणजे जनरल मोटर्स, तिचा डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल 1941 मध्ये इथल्याच सेल्फ्रिज फील्ड या लष्करी विमानतळावर आपल्या डिझायनर लोकांना पी-38 हे लढाऊ विमान दाखवायला घेऊन गेला, त्या विमानाची जुळी शेपटी डोक्यात बसली आणि 48 च्या कॅडिलॅकला पहिले फिन आले. 1954 च्या मोटोरामात, म्हणजे जीएमच्या गाड्यांच्या प्रदर्शनात, फायरबर्ड 1 ही प्रायोगिक गाडी मांडली, तिच्यात गॅस टर्बाइन, म्हणजे चक्क जेटला चाकं. आणि मोल्टन टेलरची एअरोकार तर खरोखर उडायची! 1949 ला पहिल्यांदा उडाली, 1956 ला सरकारी प्रमाणपत्र मिळालं, पंख आणि शेपूट सोडवून गाडीमागे ट्रेलरसारखं ओढत घरी न्यायचं. इतकं हातात असून आपण थांबलो. तंत्र कमी पडलं नाही, हौस कमी पडली असं माझं स्पष्ट मत आहे.

एरोइंजिनियर:
मिशिगनकर, हौस भरपूर होती हो, वजनाने मारलं. गाडी धडक सोसायला भक्कम लागते आणि विमान हलकं लागतं, दोन्ही एकाच सांगाड्यात कोंबलं की दोन्ही अर्धवट होतात. 2009 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेने 1959 ची बेल एअर आणि 2009 ची शेव्हरोले मालिबू ताशी 40 मैलांनी समोरासमोर आदळवली, व्हिडिओ बघा, बेल एअरची ड्रायव्हरची बाजू पूर्ण आत गेली, माणूस असता तर वाचला नसता, मालिबूतल्याला पायाला इजा झाली असती इतकंच. आता आजची सुरक्षा घालून तीच गाडी हवेत उचला बघू. आणि 1973 मध्ये कॅलिफोर्नियात फोर्ड पिंटो गाडीला सेसना या छोट्या विमानाचा मागचा भाग जोडून मिझार नावाची उडती गाडी केली होती, चाचणीतच पडली, दोघे गेले, त्यात ती बनवणारा स्वतः होता. हे विसरून स्वप्न बघू नये.

मिशिगनकर:
मिझार आणि एअरोकार एका मापात मोजू नका ना. एअरोकार वर्षानुवर्षं उडत होती. टेक्ससच्या एका कंपनीशी उत्पादनाचं बोलणं झालेलं, अट 500 ऑर्डरींची, आल्या साधारण निम्म्या, म्हणून बारगळलं आणि एकूण सहाच बनल्या. म्हणजे गिऱ्हाईक कमी पडलं, हेच तर मी म्हणतोय!

प्राजक्ता_सिएटल:
एअरोकार 3 इथल्या म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये आहे, मुलांना घेऊन अनेकदा बघितलीये, लालचुटुक, छोटीशी, फार गोड. पण मला दुसरंच बोलायचंय. ज्या काळाची तुम्ही इतक्या प्रेमाने आठवण काढताय त्याच काळात त्या लांबलचक गाड्यांना धावायला जागा हवी म्हणून तुमच्याच डेट्रॉइटमध्ये ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पाडून फ्रीवे केला, दुकानं, क्लब, चर्च, घरं सगळं गेलं. गाडीवाल्याची हौस आणि किंमत दुसऱ्याने मोजायची. आता एअर टॅक्सी, म्हणजे भाड्याच्या उडत्या गाड्या, डोक्यावरून गेल्या तर त्यांचा आवाज कोण ऐकणार, ज्यांना ते भाडं कधीच परवडणार नाही तेच ना? माझा ठाम विरोध आहे.

कुर्लेकर:
उडण्याचं मला फारसं कळत नाही पण गाड्यांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या आणि आजोबा मुंबईत प्लिमथची टॅक्सी चालवायचे. पुढची सीट सलग, कोचासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे ड्रायव्हर धरून तिघं आरामात, मागे अख्खं कुटुंब आणि डिकीत ट्रंका. ती गाडी जमिनीवरच राजा होती, तिला पंख कशाला हवेत.

मिशिगनकर:
कुर्लेकर, वा! आजोबांच्या टॅक्सीचा फोटो असेल तर टाका प्लीज.
प्राजक्ताताई, ब्लॅक बॉटमचं तुम्ही बोललात ते शंभर टक्के खरंय आणि म्हणूनच शहरावरून उडणाऱ्या एअर टॅक्सीला माझाही पाठिंबा नाहीये. मला एअरोकारच हवी, शहराबाहेरच्या धावपट्टीवरून उडणारी.

एरोइंजिनियर:
मग धावपट्टी लागणारच असेल तर साधं विमान घ्या आणि उतरल्यावर गाडी भाड्याने घ्या, स्वस्त पडेल आणि जीवही सुरक्षित.

मिशिगनकर:
कुठे मिळते भाड्याने? अमेरिकेत सार्वजनिक वापराचे 5000 च्या आसपास विमानतळ आहेत, त्यातले बहुतेक एवढुसे, एक पट्टी, एक शेड, पेट्रोलचा पंप. तिथे संध्याकाळी उतरलात की गाव चार-पाच मैलांवर आणि टॅक्सीचा पत्ता नाही. टेलरने एअरोकार नेमकी या अडचणीसाठी बनवली होती, पंख तिथेच सोडवून मागे जोडायचे आणि त्याच गाडीने गावात जायचं, आणि ती अडचण आजही कुणी सोडवलेली नाही.