झुडपी जंगल काढून सागवान लावलं तर पाखरं राहतील का?

धुऱ्यावरचा: गाव साकोली तालुक्यात. एका अंगाला नागझिऱ्याकडून आलेलं मोठं जंगल, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. मधात बोडी (लहान तळं) आणि बोडीच्या वर झुडपी जंगल. पळस, बोरं, टेंभुर्णी, मोहाची चार जुनी झाडं. ग्रामसभेत विषय निघाला, हे साफ करून सागवान लावू. म्हातारे म्हणतात, झाड ते झाड, पाखराला काय फरक? मले वाटते पडते. पण सभेत बोलाले मुद्दे पाहिजेत.

जुना मुन्शी: भाऊ, तेंदूच्या फडीवर, म्हणजे टेंभुर्णीची पानं जमा होतात तिथं, माझं आयुष्य गेलं, म्हणून पाहिलेलं सांगतो. उन्हाळ्यात सागवान उघडं होते, मोह-टेंभुर्णीखाली सावली राहते. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, तो कुठं उतरतो पाहा: झुडपाखाली, सडक्या पाल्यात. दोन उड्या मारते, पान चोचीनं उलटवते, किडा उचलते. मोह वेचासाठी जिथं खालचा पाला पेटवतात, तिथं त्याले खायले काय राहणार? जुन्या मोहाच्या वाळक्या फांदीत तांबट भोक पाडतो, मग त्या ढोलीत दुसरी पाखरं घुसतात. सागाच्या पोरसवदा रोपात ढोली कुठून आणणार? सागालेही पावसाळ्यात अळ्या लागतात अन् पाखरं त्यावर येतात, हे खरं. पण तेवढंच.

बीएस्सी_गोंदिया: काकांच्या बोलण्याला पुस्तकातही आधार आहे. रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या जंगलांवर मांडलं, की पाखरांची विविधता झाडांच्या जाती किती यापेक्षा पानांचे थर किती यावर जास्त ठरते. गवत, झुडूप, शेंडा, तिन्ही हवेत. एका वयाच्या सागाच्या रांगांत मधला थर जवळपास नसतोच.

वावरवाला: मग जंगलाचेही तुकडे करा ना, थोडं गवत, थोडं झुडूप, थोडी झाडं, पाखरांचे प्रकार वाढतील! पोट भरायचं काय, ते कोणी सांगत नाही.

जुना मुन्शी: नाही बाप्पा, तसं नाही. तुकडे केले की पाखरांची यादी लांब होते, पण वाढतात साळुंक्या, बुलबुल, कोतवाल. गावात आधीच आहेत ते. भृंगराज, शिलींध्री, निखार हे घोळक्यानं फिरणारे. त्यांना सलग झाडी लागते. तुमचं झुडपी जंगल मोठ्या जंगलाले बोडीपर्यंत जोडते, तेच मधातून काढलं तर ते बोडीकडे यायचे कसे? सागवान लावायचंच असेल तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर लावा, तिथं कोण अडवते? आणि रायमुनिया (घाणेरीचं झुडूप) तेवढी उपटा. बुलबुल तिची फळं खाऊन बी पसरवतात, खाली गवत उगवत नाही.

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला झुडपी जंगल वनजमीनच धरली आहे. कुऱ्हाड लावण्याआधी सातबारा काढा.

धुऱ्यावरचा: सातबारा उद्याच काढतो, काका. जुन्या मोहांना मात्र, कोणी तोडू नये म्हणून, आजच चुन्याचे पट्टे मारतो.