मदत हवी आहे: पक्षाघातानंतर हातासाठी व्हेगस नर्व्हचं यंत्र, भारतात कुणी बसवून घेतलंय का?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६८) दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. गुठळी अडकली होती, रक्तस्राव नव्हता. आता चालतात, बोलतात, राजकारणावर भांडतातही. पण उजव्या हाताची मूठ धड उघडत नाही. फिजिओ चालू आहे, सुधारणा मात्र थांबलीय.

डॅलसच्या आतेभावाने 'व्हिविस्टिम'बद्दल कळवलं. छातीत कातडीखाली पेसमेकरसारखी डबी आणि तिथून मानेतल्या डाव्या व्हेगस नर्व्हपर्यंत (मेंदूतून मानेमार्गे छाती-पोटाकडे जाणारा मज्जातंतू) वायर. पेशंट हात हलवत असतानाच थेरपिस्ट बटण दाबतो आणि अर्धा सेकंद करंट जातो. करंटने हात हलत नाही. त्या क्षणी केलेली हालचाल मेंदूने पक्की धरावी, हा हेतू. म्हणजे एकेका बैठकीतली शेकडो आवर्तनं बाबांनाच करायची आहेत! अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) याला ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता दिली.

त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याची चाचणी आली होती. १०८ रुग्ण, यंत्र सगळ्यांना बसवलं, खरा करंट साधारण निम्म्यांनाच. सहा आठवड्यांच्या व्यायामानंतर हाताची हालचाल किती परतली हे मोजणाऱ्या ६६ गुणांच्या फ्यूगल-मायर मापनात करंटवाल्यांचे सरासरी ५ गुण वाढले, बाकीच्यांचे २.४. भाऊ म्हणतो, "दुप्पट!" मला दिसतो अडीच गुणांचा फरक, आणि त्यासाठी मानेचं ऑपरेशन. तीन महिन्यांनी लक्षणीय सुधारणा ४७ टक्क्यांमध्ये होती, दुसऱ्या गटात २४. या आकड्यावर मात्र मी अडखळलो.

चाचणीत २० ते ५० गुणवालेच घेतले होते. बाबांचं हे मापन कुणी केलेलंच नाही. पुण्यात कोण करून देतं?

हे यंत्र भारतात मिळतं का, आणि अंदाजे खर्च किती? अपस्मारासाठी व्हेगस नर्व्हचं यंत्र बसवलेलं कुणी इथे असेल तर आवाज बसणं, खोकला यांचा त्रास कितपत झाला तेही सांगा.

आणखी एक धास्ती. मणक्याच्या दुखापतीने हात गेलेल्यांसाठी 'फ्रीहँड' नावाचं यंत्र होतं, १९९७ ची एफडीए मान्यता असलेलं. २००१ मध्ये कंपनीने ते बनवणंच बंद केलं. उद्या असं झालं तर शरीरातल्या डबीची बॅटरी कोण बदलणार? हे डॉक्टरांना नेमकं कसं विचारावं?

तेलं आणि काढे कृपया सुचवू नका, आईने ती आघाडी आधीच सांभाळली आहे.