मदत हवी आहे: ११ केव्ही केबल ओळखताना एका टोकाचं अर्थिंग काढायचं का?

नमस्कार मंडळी. ११ केव्हीच्या एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला फॉल्ट आहे, जॉइंट मारायचाय. खड्डा खणल्यावर एकसारख्या तीन केबल निघाल्या. टॅग एकीवरही नाही. बाकीच्या दोन चालू आहेत, त्यांचं आउटेज मिळणार नाही.

परमिट (केबल बंद करून काम करण्याची लेखी परवानगी) घेतलंय. दोन्ही टोकांचे आरएमयू (रिंग मेन युनिट, केबलचे स्विच असलेली पेटी) बंद करून अर्थ केले, कुलपं घातली, बोर्ड लावले. रूट ट्रेसरचा (केबलचा मार्ग शोधणाऱ्या यंत्राचा) सिग्नल तिन्ही केबलवर येतो. टाँग टेस्टरवर (केबलभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरवर) मी विसंबणार नाही. लोड नसलेली चालू केबलही त्यावर जवळपास शून्यच दाखवते. कापण्याआधी लांबून स्पाइक (केबलमध्ये धातूचा खिळा घुसवून ती बंद असल्याची खात्री) करणारच, पण चुकीच्या केबलवर स्पाइक म्हणजे थेट स्फोट. म्हणून आधी पल्स आयडेंटिफायर (एका टोकाकडून केबलमध्ये करंटचे पल्स सोडून, क्लॅम्पने ते पकडून केबल ओळखणारं यंत्र) लावायचाय.

अडचण अशी की चांगल्या फेजमध्ये पल्स सोडायला जवळच्या टोकाचं अर्थिंग काढावं लागतं, आणि परमिटमध्ये दोन्ही टोकं अर्थ असल्याची नोंद आहे. त्या वेळी खड्ड्यात कुणीही नसेल, हे नक्की.

अशा वेळी तुम्ही चालू परमिट परत करून टेस्टिंगचं वेगळं घेता, की त्यातच नोंद करता? आणि आर्मर (केबलवरचं धातूचं कवच) दोन्हीकडे अर्थ असल्याने करंट त्यातून परत येऊन क्लॅम्पचं रीडिंग पडलं, तर खात्री कशी करता?