रिव्हाइज, रीकॅल्क्युलेट, रीस्टेट: सगळ्यांना एकच माप नको

हातचा एक (धागाकर्ता)

मराठी माणसांनी इंग्रजीत लिहिलेले अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम. आकडा बदलला की 'रिव्हाइज्ड', आणि कशाचंही मोल किंवा प्रमाण ठरवायचं असलं की 'इव्हॅल्युएट'. एवढ्या दोन शब्दांवर सगळं भागवलेलं असतं. समानार्थी शब्दांच्या याद्या घोकल्या की हे असं होतं.

माझं मत: त्या याद्या बंद करा. आकडा कशामुळे बदलला हे इंग्रजीत बऱ्याचदा क्रियापदच सांगतं. माहिती तीच, आकडेमोड पुन्हा केली: रीकॅल्क्युलेट. नवी माहिती हाती आली म्हणून आकडा हलला: रिव्हाइज. ऋतुमानाचा किंवा महागाईचा परिणाम बाजूला काढला: अ‍ॅडजस्ट. आणि जाहीर करून झालेला आकडाच चुकीचा निघाला, म्हणून मागे जाऊन दुरुस्त केला: रीस्टेट.

शेवटचा फरक तर हिशोबाच्या नियमांतच आहे. आयएएस ८ या आंतरराष्ट्रीय मानकात अंदाज बदलणं आणि चूक दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र १० वर्षं चालेल असं धरलं होतं, आता ७ वाटतात, तर घसारा इथून पुढे बदलायचा. मागच्या वर्षांना हात लावायचा नाही. मागच्या काळातली मोठी चूक सापडली, तर मात्र जुने आकडेच बदलून दाखवायचे. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने नोव्हेंबर २००१ मध्ये १९९७ पासूनचे नफ्याचे आकडे रीस्टेट केले आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. तिथे 'रिव्हाइज्ड' लिहिणं म्हणजे चोरीला उसनवारी म्हणण्यासारखं.

तिरपी रेघ

असहमत. तुमचे कप्पे कागदावर छान दिसतात. अमेरिकेत दर महिन्याला रोजगाराचे आकडे येतात आणि पुढच्या दोन महिन्यांत दोनदा बदलतात. सरकारी खुलाशात दोन कारणं असतात: सर्वेक्षणाला उशिरा आलेली उत्तरं आणि ऋतुमानाच्या गुणकांची (ज्यांनी ऋतूंचा परिणाम बाजूला काढतात) पुन्हा केलेली आकडेमोड. म्हणजे तुमचं रिव्हाइज, तुमचं रीकॅल्क्युलेट आणि तुमचं अ‍ॅडजस्ट एकाच घरात नांदतायत. त्यांना चालतं, तर आपल्याला काय अडचण?

दुसरं, नेमकं क्रियापद वापरलं म्हणून आकडा प्रामाणिक होत नाही. कंपन्या 'अ‍ॅडजस्टेड' नफा दाखवतात, त्यात नकोसे खर्च खुशाल वगळलेले असतात. क्रियापद अगदी बरोबर, वाचणारा मात्र फसला. त्यापेक्षा साधं 'चेंज्ड' लिहा आणि पुढे एका वाक्यात कारण द्या.

हातचा एक

रेघराव, उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत! तिथे आकडा रिव्हाइज होतो आणि गुणक रीकॅल्क्युलेट होतात. दोन कर्मं, दोन क्रियापदं. अदलाबदल करून बघा, वाक्य लंगडतं. 'अ‍ॅडजस्टेड'चा गैरवापर होतो हे खरं, पण त्या शब्दाला नेमका अर्थ आहे म्हणूनच आडोसा म्हणून तो कामी येतो.

कोरा ताव

आकडा बदलण्यावरच दोघं अडकलात. खरा गोंधळ दुसऱ्या टोळीत आहे: एस्टिमेट, असेस, अप्रेझ, इव्हॅल्युएट. नुकसान एस्टिमेट करा म्हटलं की शेवटी एक संख्या हवी, अंदाजे का होईना. असेस करा म्हटलं तर 'पाया शाबूत आहे, छत गेलं' एवढं उत्तरही चालतं. पण करखात्यात असेस म्हणजे आकारणी: ठरलेली रक्कम, भरावीच लागणारी. म्हणजे एकच शब्द एका ठिकाणी अंदाजाहून ढिला आणि दुसऱ्या ठिकाणी अंदाजाहून पक्का. अप्रेझमध्ये जाणकाराने, बहुधा विक्री, कर्ज किंवा विम्यासाठी, मोल ठरवणं आलं. इव्हॅल्युएटला आधी निकष लागतात. निकष न सांगता 'वुई इव्हॅल्युएटेड' लिहिणाऱ्यांचं मला नेहमी कौतुक वाटतं.

एस्टिमेटचं माझं आवडतं उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीचं. १९४५ च्या ट्रिनिटी अणुचाचणीत धक्कालाट पोचली तेव्हा त्याने हातातले कागदाचे कपटे सोडले, ते अडीच मीटर सरकले, आणि त्यावरून त्याने स्फोट १० किलोटनांच्या आसपास धरला. पुढे बरीच वर्षं अधिकृत आकडा २१ होता. २०२१ मध्ये तो २४.८ झाला, कारण स्फोटाच्या अवशेषांची नव्या तंत्राने पुन्हा मोजणी झाली. याला रीकॅल्क्युलेट म्हणणं चूकच, कारण इथे मोजमापच नवं आहे.

तिरपी रेघ

तावसाहेब, फर्मी आवडला. पण धागाकर्त्यांना एक प्रश्न. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्के दाखवली होती. २०१३ मध्ये हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी तीच माहिती घेऊन पुन्हा गणित मांडलं, तर उत्तर आलं २.२. स्प्रेडशीटच्या सरासरीत पाच देश सुटले होते, ही निव्वळ चूक आणि लेखकांनी ती मानली. पण काही वर्षांची माहिती का वगळली आणि सरासरीत कुठल्या देशाला किती वजन दिलं, हा निवडीचा भाग होता, आणि तिथे ते मागे हटले नाहीत. आता सांगा, कुठलं क्रियापद? रीकॅल्क्युलेट म्हटलं की सगळीच बेरजेची चूक वाटते. रिव्हाइज म्हटलं की पाच देश सुटल्याचं झाकलं जातं.

हातचा एक

पाच देशांपुरतं करेक्ट. वजनं बदलली, तिथे री-वेट (वेट म्हणजे वजन). शेवटच्या आकड्याला रीकॅल्क्युलेट, कारण तो खरंच पुन्हा काढला. तिन्ही लिहायची, तीन वाक्यांत.

तिरपी रेघ

म्हणजे कारण वाक्यातच द्यावं लागलं ना? मी वेगळं काय म्हणत होतो?

कोरा ताव

वेगळं हे, की तुमच्या 'चेंज्ड'ने ती तीन वाक्यं कुणी लिहिलीच नसती.